आडवारचं अपडेट

"नमस्कार मॅडम, हेड ऑफिसमधून बोलतोय. तुमच्या कॉम्प्युटरवर एक अपडेट सोडलंय. पूर्ण होईपर्यंत कशाला हात लावू नका, आणि बंद तर मुळीच करू नका."

आवाज माझ्या नवऱ्याचा होता. सकाळी याच आवाजानं मला 'वैजू, माझा पंचा कुठाय' म्हणून विचारलं होतं. ऑफिसच्या फोनवर आम्ही एकमेकांना मॅडम आणि सर म्हणायचो, त्यामुळं त्या मॅडमचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते एवढ्याचंच की तो दिवस मंगळवार होता.

नवऱ्याचं नाव दयानंद. समोर मी त्याला अहो-जाहो करत आले, पण सांगताना नावानंच सांगते, म्हणजे ऐकणाऱ्याचा घोळ होत नाही. आम्ही दोघं एकाच कंपनीत होतो. पंपांची कंपनी, कारखाना आणि हेड ऑफिस शिरोलीला. तो रोज जयसिंगपूरहून कोल्हापूरच्या बाजूला जायचा, मी सांगलीच्या. मी सांगलीच्या शाखेत जमाखर्च बघायची आणि तो हेड ऑफिसच्या एका लहानशा खोलीत बसून सगळ्या शाखांचे कॉम्प्युटर बघायचा. सांगली, कराड, सातारा, सोलापूर, निपाणी, सगळीकडचे. त्याच्या समोरच्या पडद्यावर प्रत्येक कॉम्प्युटरचा एक ठिपका असे. चालू असला की हिरवा, अडला की लाल. कुठं काय बिघडलंय, कुणाचं अपडेट राहिलंय, सगळं त्याला तिथून दिसायचं, आणि तिथूनच तो ते सोडायचा. उंटावरून शेळ्या हाकायचं काम म्हणून मी त्याला चिडवायची. फरक इतकाच की या शेळ्या ऐकायच्या.

अपडेट असायचं ते शनिवारी दुपारी, अर्धा दिवस संपल्यावर. दोन दिवस आधी सगळ्यांना निरोप जायचा की शनिवारी कॉम्प्युटर बंद न करता घरी जा. सोमवारी येऊन कुणीतरी कुरकुरायचं, माझी अक्षरं बारीक झाली म्हणून, आणि दयानंद तिथं बसून ती मोठी करून द्यायचा. एवढा साधा मामला.

आडवारी, म्हणजे शनिवार सोडून भलत्याच दिवशी येणारं अपडेट मात्र वेगळं असे. ते काय असतं हे कंपनीत चार माणसांना ठाऊक होतं. मालक, मनुष्यबळ विभागाचे कणसे साहेब आणि दयानंद. चौथी मी, आणि मला ठाऊक आहे हे पहिल्या दोघांना ठाऊक नव्हतं.

त्याचं असं झालं होतं. कराडच्या एका विक्रीवाल्याला कामावरून काढलं तेव्हा त्यानं कागद हातात पडल्यावर शांतपणे आपल्या जागेवर जाऊन सगळ्या डीलरांची माहिती पुसून टाकली होती. मालकांनी डोक्याला हात लावला. पुढच्या खेपेला असं होऊ नये म्हणून तोड काढली ती दयानंदनं. ज्याला काढायचं त्याच्या कॉम्प्युटरवर आधी अपडेट सोडायचं. अपडेट म्हटल्यावर माणूस भांडत नाही, संशय घेत नाही. हात बांधून निमूट बसतो, नाहीतर चहाला जातो. तेवढ्यात मागच्या मागं त्याचं सगळं काम उतरवून घ्यायचं, त्याचं नाव यादीतून काढायचं, आणि शंभर टक्के झालं की कणसे साहेबांनी पाकीट घेऊन आत जायचं. ते तिघं आपसांत याला 'भूल देणं' म्हणत. आधी भूल, मग कापाकापी.

दयानंद हे मला घरी रंगवून सांगायचा. साताऱ्याच्या एका पिलारे नावाच्या माणसानं भूल दिल्यावर त्या पडद्यासमोरच डबा सोडला, भाकरी-झुणका खाल्ला आणि तोंडावर रुमाल टाकून झोपला. कणसे साहेबांना त्याला हलवून उठवावं लागलं. मी हसले होते, पोट धरून हसले होते. भाकरीचा घास हातात होता, तो खाली ठेवून हसले होते.

म्हणून त्या मंगळवारी मी फोन कानाला धरून पडद्याकडं बघत राहिले. निळा पडदा, मध्ये फिरणारं एक चक्र, खाली टक्के.

"सर, आज मंगळवार आहे," मी म्हटलं.

"हो मॅडम. तातडीचं आहे."

"सगळ्यांना आहे?"

"सगळ्यांना."

समोरच्या टेबलावर जस्मिन मुल्ला बिलं चढवत होती. तिच्या बोटांचा खडखडाट त्याला फोनमधून ऐकू जात असणार.

"जस्मिनचं तर चालू आहे."

"त्यांना नंतर येईल."

मी तोंडावर पदर घेतला आणि अगदी हळू म्हटलं, "अहो, मी बोलतेय."

पलीकडं कुणीतरी खाकरलं, तो दयानंद नव्हता. मग दयानंद म्हणाला, "थोडा धीर धरा मॅडम. पंचवीस टक्के झालंय. मला इथून दिसतंय."

त्यानं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. पद्धतच तशी होती, माणसाला बोलण्यात गुंतवून ठेवायचं. अधूनमधून तो टक्के सांगायचा आणि मी हो म्हणायची.

ती नोकरी म्हणजे काय होती ते सांगते. शाखेची किल्ली माझ्याकडं असे. मॅनेजर यायच्या आधी मी शटर उघडायची, उदबत्ती लावायची, आणि पहिला फोन मी घ्यायची. घरी मी सून होते, बायको होते, मला कुणी काही विचारलंच तर आज भाजी कसली एवढंच. इथं मोठमोठे डीलर टेबलासमोर उभे राहून म्हणायचे, "मॅडम, एवढं बिल कुठं बसतंय बघा की." पगार तर हवाच होता. पण त्यांच्या त्या उभं राहण्याची मला चटक लागली होती. ही नोकरी गेली तर मी जगणार नाही असं मला खरंच वाटायचं.

टेबलाखाली पायाशीच वायर होती. पायानं ओढली असती तरी निघाली असती. अर्धवट अपडेटमध्ये वीज गेली की कॉम्प्युटर आडवा होतो, हे मला त्याच्याकडूनच कळलेलं. वर्षअखेरीचा सांगलीचा सगळा हिशेब त्यात होता आणि अजून वर गेलेला नव्हता. आडवा झाला असता तर मालकांना माझ्या पाया पडत यावं लागलं असतं, निदान दोन महिने तरी. पण मग फोनवर जो खाकरला होता तो दयानंदला सोडणार नव्हता. मालकच मागं उभे होते हे मी ओळखलं होतं. माझ्यापायी नवऱ्याची नोकरी जाईल, या भीतीनं मी पाय मागं घेतला आणि मांडी घालून खुर्चीत बसले.

"नव्वद टक्के, मॅडम," दयानंद म्हणाला.

"बरं," मी म्हटलं.

कणसे साहेब समोरच्या रस्त्यावर गाडीत बसूनच होते. वर आले, मॅनेजरच्या केबिनमध्ये मला बोलावलं, पाकीट पुढं केलं. मालकांनी नवा नियम केला होता, नवरा-बायको दोघं एका कंपनीत नकोत.

"मग दोघांतलं माझंच नाव का निघालं, साहेब?"

कणसे साहेबांनी पाण्याच्या ग्लासावरचं झाकण सरळ केलं. "तो वरचा विचार आहे, मॅडम. आम्ही हुकमाचे ताबेदार. किल्ली तेवढी द्या."

मी टेबलाशी परत आले तेव्हा जस्मिन रडत होती. मला रडू येत नव्हतं. पर्समधून डबा काढला आणि तिच्यापुढं ठेवला, खाऊन टाक म्हणून, कारण तो परत घरी न्यायची मला इच्छा नव्हती.

रात्री दयानंद आला तो दारातच चप्पल न काढता उभा राहिला. मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. "काय करू गं, मालक पाठीमागं उभे होते. नाही म्हटलं असतं तर दोघांची गेली असती."

"माझं नाव कुणी काढलं?"

"मालकांनीच. दुसरं कोण काढणार? मी किती सांगून बघितलं."

मी त्याला थोपटलं. स्वतःच्या बायकोला स्वतःच्या तोंडानं असं फसवायचं म्हणजे काय झालं असेल त्याच्या जिवाचं, असंच माझ्या मनात येत होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, करता काय. मी उठून त्याच्यासाठी गरम भात टाकला, वर तूप घातलं, आणि तो जेवेपर्यंत समोर बसून राहिले. पुढं त्याला बढती मिळाली, तेव्हाही पेढे मीच वाटले. मी गल्लीतल्या अकरावी-बारावीच्या मुलांच्या अकाउंटच्या शिकवण्या सुरू केल्या. मुलं खाली चटईवर बसायची. माझ्यासमोर उभं कुणी राहायचं नाही.

असं वर्ष गेलं, आणखी काही महिने गेले. गणपती होऊन गेले होते. एके सकाळी दयानंद कामावर गेल्यावर दार वाजलं. उघडलं तर कणसे साहेब, हातात पेढ्यांचा पुडा.

"वहिनी, ओळखलंत का?"

"मॅडमची वहिनी झाले होय मी? या, बसा."

बसले. घराचं कौतुक केलं, पंख्याचं कौतुक केलं, पाणी प्यायले. मग विषयाला आले. कॉम्प्युटरचं सगळं काम आता पुण्याच्या एका कंपनीला दिलं होतं. ते तिथूनच सगळं चालवणार, आपलं माणूस ठेवायची गरज नाही. म्हणजे दयानंदची गरज नाही.

मी विचारलं, "कधी?"

"आजच."

"मग इथं कशाला आलात? तिकडं जा पाकीट घेऊन."

"तीच तर अडचण आहे, वहिनी." कणसे साहेब पुढं सरकून बसले. "सगळ्या शाखांच्या कॉम्प्युटरच्या किल्ल्या त्यांच्या एकट्याकडं. त्यांना कळलं आणि रागाच्या भरात त्यांनी एक बटण दाबलं तर पाचही शाखा अंधारात जातील. इतरांना आम्ही भूल देतो, पण ती देतात तेच. त्यांना कोण देणार? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी? पुण्याची दोन माणसं मालकांच्या केबिनमध्ये बसलीत. त्यांना ती खोली पंधरा-वीस मिनिटं मोकळी पाहिजे."

"बोलवा मग चहाला."

"येत नाहीत हो. स्वतःचीच पद्धत, तेवढं त्यांना कळतंय. अलीकडं मंगळवारी नुसतं 'या' म्हटलं तरी दचकतात. खोली सोडून उठतात ते एकाच गोष्टीसाठी. घरचा फोन आला तर. आत आवाज तुटतो ना, म्हणून खाली पार्किंगमध्ये जाऊन बोलतात." ते थांबले. "तुम्ही फक्त फोन करायचा, वहिनी. गप्पा मारायच्या. बायको नवऱ्याशी बोलते, त्यात वावगं काय?"

मला त्यांचं धाडस बघून हसूच आलं. "म्हणजे माझ्या हातानं त्यांचा केसानं गळा कापायचा."

"त्यांच्याच भल्यासाठी. रागात काही करून बसले तर पोलीस केस होईल."

"कणसे साहेब, त्यांच्या भल्याची काळजी मी करीन. पेढे घ्या आणि निघा." मी कपाटावरचा फोन उचलला. त्यांच्यासमोरच मी दयानंदला सगळं सांगणार होते, काय करायचं ते तो करील, शाखा जाऊ देत नाहीतर कंपनी जाऊ दे.

कणसे साहेब उठले नाहीत. पुडा उघडून त्यातला एक पेढा त्यांनी स्वतःच खाल्ला. "करा फोन. तुमचा हक्क आहे. पण त्या वेळी केबिनमध्ये तुम्ही मला एक विचारलं होतंत, आणि मी उत्तर दिलं नव्हतं. ते देतो, मग फोन करा."

मी उभीच राहिले.

"तुमची नोकरी गेली त्याच्या आदल्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी मालकांनी दयानंदना बोलावलं. मी होतो तिथं. मालक म्हणाले, दोघांपैकी एकाला ठेवतो, कोण ते तुम्ही घरी बोलून उद्या सकाळी सांगा. उद्यापर्यंत वेळ दिला होता, वहिनी. ते खुर्चीवरून उठलेसुद्धा नाहीत. तिथंच म्हणाले, तिचं नाव घाला."

"खोटं."

"अजून पुढं ऐका. मालकांनी त्यांना दुसऱ्या दिवशी सुट्टी घ्या म्हणून सांगितलं होतं. फोन मी करणार होतो. हेच म्हणाले, नको, मी करतो. दुसऱ्या कुणी केला तर ती वायर ओढेल, माझं ऐकेल."

वायरीचं कणसे साहेबांना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. माझा पाय त्या दिवशी कुठं होता हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. तो मला किती ओळखत होता, तेवढं त्या एका वाक्यानं मला कळलं.

मला आधी राग नाही आला, लाज वाटली. त्या रात्री मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन थोपटलं होतं. ऊन-ऊन भातावर तूप घातलं होतं. त्या तुपाची मला इतकी लाज वाटली की मी आत जाऊन तोंडावर पाणी मारून आले. राग त्यानंतर आला, आणि तो आला तेव्हा माझं डोकं अगदी थंड होतं.

"मी फोन केला तर मला काय मिळेल?"

कणसे साहेबांनी खिशात हात घातला. माणसाचं मोजमाप पैशातच करायची सवय.

"ते ठेवा आत. सांगलीच्या शाखेत माझ्या जागी कोण आहे?"

"एक पोरगा आहे. गोंधळ घातलाय त्यानं. टॅक्सवाल्यांची दोनदा नोटीस आलीय."

"मला माझी जागा परत पाहिजे. तोच पगार चालेल. किल्लीसकट."

"वहिनी, ते मालकांना विचारल्याशिवाय..."

"विचारा की. फोन तुमच्याकडंही आहे."

ते गॅलरीत गेले. माझ्याकडं पाठ करून बराच वेळ बोलले, मग फोन माझ्या हातात दिला. मालकांचा आवाज मी त्याआधी एकदाच ऐकला होता, तोही खाकरण्याचा.

"बाई, सोमवारपासून या," मालक म्हणाले.

"उद्यापासून येते," मी म्हटलं.

मग मी चटईवर बसले आणि नवऱ्याला फोन लावला. कणसे साहेब समोर खुर्चीत, त्यांच्या फोनवर बोट ठेवून.

"काय गं?" दयानंद म्हणाला. "थांब, आवाज तुटतोय, खाली येतो." जिन्यावरून उतरताना त्याच्या चपलांचा आवाज आला. मग बाहेरच्या ट्रकचे हॉर्न. मी मान हलवली. कणसे साहेबांनी बटण दाबलं.

मी गॅसच्या टाकीचं विचारलं. मामांच्या नातीच्या लग्नाचा आहेर काय करायचा ते विचारलं. साडी द्यावी की भांडं द्यावं यावर तो चांगला बोलत राहिला, साडी नको म्हणाला, आवडनिवड असते. एरवी त्याला असल्या गोष्टीत गम्य नसे. त्या दिवशी अगदी खुशीत होता, का कोण जाणे.

"अजून काही? ठेवू का? आत एक काम अर्धं सोडून आलोय."

कणसे साहेबांनी दोन्ही हात जोडले, अजून, अजून. माझ्याकडचं घरगुती सगळं संपलं होतं. त्याला थांबवील असं माझ्याजवळ एकच काही उरलं होतं.

"अहो, एक विचारू? माझं नाव कुणी दिलं होतं?"

"कुणी काही बोललं का तुला?"

"नाही. सकाळपासून मनात आलंय नुसतं."

मला वाटलं होतं तो 'मालकांनी' म्हणेल. म्हणाला असता तर पुढचं सोपं गेलं असतं.

"मी दिलं," दयानंद म्हणाला. "वैजू, मीच दिलं गं."

मी 'हं' म्हटलं. त्याला ते पुरलं. धरण फुटावं तसा तो बोलत सुटला. भीती वाटली म्हणाला. वेळ मागून घेतला तर मालकांना वाटेल की याला नोकरीची फिकीर नाही, आणि याचंच नाव घालू. "तू काहीही करून उभी राहशील गं. मला त्या खोलीबाहेर काय येतंय? बाहेर मला कोण विचारतंय?" सोमवारी रात्री घास उतरत नव्हता म्हणाला, पण मला संशय येऊ नये म्हणून दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या आणि नंतर मागच्या दारी जाऊन ओकला. फोन का मागून घेतला तेही सांगितलं, कणसेंनी सांगितलं होतं तसंच, अक्षर न् अक्षर.

"रोज सांगीन म्हणायचो. तू तूप वाढायचीस आणि माझ्या तोंडातून फुटायचं नाही. आज विचारलंस, बरं झालं. सुटलो बघ." तो पार्किंगमध्ये उभा राहून हुंदके देत होता. माणसं येत-जात असणार, त्याला त्याचं भान नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तो माणूस माझ्याशी इतकं खरं कधी बोलला नव्हता.

त्या वेळी मला वाटलं, ओरडून सांगावं. पळा, वर जा, तुमची खोली लुटतायत. अजून वेळ होता. कणसे साहेबांचे हात अजून जोडलेलेच होते. माझ्या ओठांवर आलं होतं. मग मला ते पंचवीस टक्के आठवले, आणि तो स्वच्छ, गोड, जराही न थरथरलेला आवाज.

"रडू नका," मी म्हटलं. "सांगा अजून. मी ऐकतेय."

आणि तो सांगत राहिला. कणसे साहेबांच्या फोनवर काहीतरी उमटलं, त्यांनी अंगठा वर केला, रुमालानं कपाळ पुसलं.

"रागावलीस?" दयानंद विचारत होता.

"नाही. जा आता, काम अर्धं राहिलंय तुमचं."

कणसे साहेब निघताना दारात थांबले. काहीतरी चांगलं बोलावं असं त्यांना वाटत असावं. मी त्यांच्या हातात उरलेल्या पेढ्यांचा पुडा दिला आणि दार लावलं.

दयानंद दुपारी आला. कंपनीची बस त्या वेळी नसते, वडापच्या जीपनं आला असणार, शर्टाला घाम होता. हातात पिशवी, पिशवीत त्याचा चहाचा कप आणि गणपतीचा लहान फोटो. घरात आला, खुर्चीत बसला. मी पाणी दिलं.

"गेली," तो म्हणाला. "वर गेलो तर खोलीला दुसरं कुलूप. आत दोन पोरं बसलेली. ही पिशवी दारातच हातात दिली, डबा घ्यायलासुद्धा आत सोडलं नाही." पाणी प्यायला. "नेमकं तुझ्याशी बोलायला खाली गेलो आणि तेवढ्यात..."

तो थांबला. हुशार माणूस. ग्लास हातात तसाच धरून माझ्याकडं बघत राहिला. मी डोळे खाली घातले नाहीत.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि मी तुला ते सगळं सांगत होतो, तेव्हा?"

"तेव्हाही."

त्यानं ग्लास खाली ठेवला. मग विचारलं, "काय दिलं त्यांनी तुला?"

"माझी जागा. उद्यापासून सांगलीला जातेय."

मी आत जाऊन ताट वाढलं. आमटी, भाकरी, वांग्याचं भरीत. बाहेर आणून त्याच्यासमोर ठेवलं. तो ताटाकडं बघत बसला. मी कपाट उघडून उद्याची साडी काढली आणि इस्त्री लावली, कारण शटर उघडायचं तर घरातून लवकर निघावं लागतं.